डिश बसवण्याआधी दोन माणसं नेमा

गावातल्या मंडळींनो, आणि गावाबाहेर राहून गावासाठी वर्गणी काढणाऱ्या मंडळींनो,

रस्ता, पाणी आणि स्मशानशेड यांच्या जोडीला आता ग्रामसभेत आणखी एक मागणी हमखास येते: आमच्या वाडीत नेट आणा. मागणी रास्त आहे. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा लागत नाही, गुरुजींना शाळेची माहिती भरायला टेपावर जाऊन उभं राहावं लागतं, पीकविम्याची मुदत उद्या संपणार असते आणि फोनवर नुसतं चाक फिरत राहतं. मग कुणीतरी उपाय सुचवतं. तालुक्याला नेट आहे, समोरचा डोंगर तालुक्यातून दिसतो, तेव्हा डोंगरावर एक डिश लावली की काम झालं, आणि खर्चही फार नाही.

असं सांगणारा माणूस खोटं बोलत नाही. डिश बसते, नेट येतं, नारळ फुटतो, फोटो छापून येतो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ते नेट चालू राहील का, हा खरा प्रश्न आहे. जगभर खेड्यांत असे शेकडो प्रयोग झाले, आणि त्यांतले बरेच पहिल्या उत्साहानंतर बंद पडले. कारणं बहुतेक ठिकाणी सारखीच निघाली. ती समजून घ्या आणि मगच वर्गणीची पावती फाडा, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट अंतराची. अंतराची भीती बाळगू नका, तो प्रश्न सुटलेला आहे. आपल्या घरातल्या वायफायचं तंत्र मुळात एका इमारतीपुरतं आहे, पण दोन्ही टोकांना नेमक्या दिशेच्या अँटेना लावल्या की ते फार लांब जातं. व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दोन डोंगरांमध्ये ३८२ किलोमीटरची वायफाय जोडणी करून दाखवली. नेपाळात महाबीर पुन यांनी म्याग्दी जिल्ह्यातल्या नांगी या आपल्या गावात पोखऱ्याहून इंटरनेट नेलं. गाडीरस्ता नसलेल्या मुलखात, टीव्हीच्या जुन्या डिश वापरून आणि झाडावर अँटेना बांधून त्यांनी सुरुवात केली. पुढे त्या जाळ्यावर शाळा जोडल्या गेल्या, आरोग्यकेंद्रातून काठमांडूच्या डॉक्टरांशी बोलणं होऊ लागलं. २००७ साली पुन यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

लांबच्या अंतरात एक तांत्रिक अडचण असते, तेवढी माहीत असू द्या. वायफायमध्ये एका टोकाने माहिती पाठवली की दुसरं टोक 'पोचली' अशी पावती देतं. घरात ही पावती क्षणार्धात येते. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, त्यामुळे ३० किलोमीटरला जाऊन यायला २०० मायक्रोसेकंद लागतात. साधा राउटर इतका वेळ थांबतच नाही. माहिती हरवली असं समजून तो तीच पुन्हा पाठवतो आणि सगळं तुंबतं. त्यावर आयआयटी कानपूरच्या भास्करन रामन यांच्या गटाने आणि अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातल्या एरिक ब्रूवर यांच्या गटाने चांगलं काम केलं, आणि लांब पल्ल्यासाठीच बनवलेल्या आजच्या रेडिओंमध्ये अंतर भरायची सोय असते. म्हणून बाजारातून घरगुती राउटर आणून त्याला मोठी डिश जोडण्याचा उद्योग करू नका. बाहेर बसवण्यासाठी बनवलेला रेडिओच घ्या, आणि बसवणाऱ्याला विचारा, "अंतराचं सेटिंग केलंत का?"

दुसरी गोष्ट नजरेची. दोन अँटेना एकमेकींना दिसल्या पाहिजेत, हे सगळे सांगतात. पण डोळ्याला दिसणं पुरेसं नसतं. लहर सरळ रेषेच्या भोवती फुगून जाते. २.४ गिगाहर्ट्झवर १० किलोमीटरची जोडणी असेल तर मधोमध त्या रेषेच्या खाली निदान १०-१२ मीटर मोकळीक लागते, त्यात पृथ्वीच्या गोलाईचाही थोडा वाटा आला. अंतर वाढलं की ही मोकळीक वाढवावी लागते. गंगेच्या सपाट मैदानात कानपूरच्या मंडळींना याचा चांगलाच हिशेब मांडावा लागला. तिथे रेडिओ स्वस्त होता, पण त्याला उंचावर धरणारा मनोरा महाग पडत होता. आपल्याला सह्याद्रीने उंची फुकट दिली आहे. मात्र त्या उंचीवर वीज नसते, पावसाळ्यात जायला वाट नसते, आणि कित्येक ठिकाणी जमीन वनखात्याची असते. परवानगी आधी लेखी घ्या. खांब उभा राहिल्यावर नोटीस आली तर वर्गणी आणि मेहनत दोन्ही वाया जातात.

पाहणी कधी करता यालाही महत्त्व आहे. साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो. एप्रिल-मे महिन्यांत मोकळी दिसणारी रेषा जुलैत पानांनी भरून जाते, आणि ओली पानं लहर शोषून घेतात. मग 'पावसामुळे नेट जातं' अशी समजूत होते. या वायफायच्या लहरींना पावसाचं पाणी फारसं अडवत नाही. अडवतात ती झाडं, आणि झाडं दरवर्षी वाढतात. तेव्हा पाहणी भर पावसाळ्यात किंवा तो संपता संपता करा, आणि वाटेत कुणाची आमराई किंवा बांबूचं बेट असेल तर मालकाशी आत्ताच बोला.

आता मुख्य दुखण्याकडे येऊ. ते म्हणजे वीज.

तमिळनाडूत थेनी इथल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने बर्कलेच्या गटाबरोबर आसपासच्या गावांतली तपासणी केंद्रं लांब पल्ल्याच्या वायफायने जोडली. गावातल्या केंद्रात प्रशिक्षित मुलगी रुग्णाचा डोळा तपासते, थेनीतला डॉक्टर पडद्यावर त्या रुग्णाशी बोलतो आणि शस्त्रक्रियेची गरज असेल त्यालाच रुग्णालयात बोलावतो. २००८ पर्यंत या पद्धतीने वीस हजारांहून अधिक रुग्ण तपासले गेले होते. हिमाचलात धर्मशाळेला 'एअरजाल्दी' नावाचं असंच जाळं सुमारे दहा हजार लोकांना इंटरनेट आणि फोन देत होतं. या दोन्ही ठिकाणचा अनुभव बर्कलेच्या गटाने मोकळेपणाने लिहून ठेवला आहे. त्यातली ठळक तक्रार विजेची आहे: येणारी, जाणारी, कमी दाबाची, आणि मधूनच उसळी मारणारी वीज.

यात आपल्याला नवीन काही नाही. डीपीवर दुरुस्ती झाली आणि लाइट परत आली की पहिला झटका घरातल्या टीव्हीला बसतो, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. रेडिओचंही तेच होतं. उसळीने त्याचा अडॅप्टर जळतो. कमी दाबात तो अर्धवट चालू होऊन अडकतो. अचानक बंद पडला की आतली साठवलेली माहिती बिघडते, आणि वरून तो शाबूत दिसत असला तरी चालत नाही. म्हणून रेडिओला थेट लाइनवरून वीज देऊ नका. लाइनने बॅटरी भरावी आणि बॅटरीने रेडिओ चालवावा. शिवाय बॅटरी ठराविक पातळीच्या खाली गेली की रेडिओचा पुरवठा आपोआप तोडणारं छोटं उपकरण लावा. ते नसेल तर बॅटरी पुन्हापुन्हा तळाला जाते आणि वर्षभरात निकामी होते.

डोंगरावर सौर पॅनल लावणार असाल तर हिशेब जुलैचा करा. १० वॅटचा रेडिओ चोवीस तासांत २४० वॅट-तास, म्हणजे जवळपास पाव युनिट वीज खातो. १०० वॅटचं पॅनल एप्रिलात तेवढी वीज आरामात देतं, पण आषाढात ढग बसले की त्याच्याकडून निम्मीही मिळत नाही. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरायची म्हटलं तर अडीच दिवस निघतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर सूर्य आठवडाभर दिसत नाही, हे पुरवठादाराला माहीत नसेल, तुम्हाला माहीत आहे. पॅनल दुप्पट आणि बॅटऱ्या दोन लावायच्या असं त्याला ठणकावून सांगा. खर्चात कपात करायचीच असेल तर ती कमानीत आणि बॅनरमध्ये करा.

विजेची दुसरी बाजू आभाळातली. एप्रिल-मे महिन्यांतल्या वळवाच्या पावसात आणि पुढे परतीच्या पावसात डोंगरमाथ्यावरचा लोखंडी खांब विजेला आयतंच निमंत्रण देतो. अर्थिंग नीट केलं तर नुकसान बरंच टळतं, पण ते जमिनीत गाडलेलं असल्यामुळे कुणी तपासत नाही. जांभ्याच्या सड्यावर आणि काळ्या कातळात अर्थिंग नीट लागत नाही. तिथे खड्डा खोल घ्यावा लागतो, मातीची भर घालावी लागते, कधी पट्टी लांबवर नेऊन ओलाव्याची जागा गाठावी लागते. बिल चुकतं करण्याआधी वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या. केबलच्या दोन्ही टोकांना उसळी अडवणारं संरक्षक साधन लावलंय का, तेही पाहा. माकडांचाही विचार करा. धर्मशाळेच्या मंडळींना वानरांनी बराच त्रास दिला, आणि आपल्याकडची वानरंही काही कमी नाहीत. केबल पाइपातून न्या.

एवढं सगळं केलंत तरी कधीतरी नेट बंद पडेलच. त्या दिवशी काय होतं त्यावर सगळ्याचा निकाल लागतो.

नळपाणी योजना आठवा. टाकी उभी असते, पाइप गाडलेले असतात, पण पंप जळला की दुरुस्ती कुणी करायची आणि पैसे कुणी द्यायचे यावर महिना जातो, आणि बायकांच्या डोक्यावर पुन्हा हंडे येतात. नेटचीही गत तीच होते, फक्त हंडा दिसतो आणि बंद नेट दिसत नाही. थेनी आणि धर्मशाळेच्या अनुभवातून हेच निघालं की बिघाड नेमका कुठे आहे हे ओळखणारं माणूस गावात नसतं, आणि शहरातला जाणकार दुरून पाहू म्हणेल तर जोडणीच बंद असते. मग चांगला रेडिओ खाली उतरवून शहरात पाठवला जातो आणि खरा दोष साध्या अडॅप्टरचा निघतो. त्यात पंधरा दिवस जातात. असं दोन-तीनदा झालं की लोकांचा विश्वास उडतो, वर्गणी थांबते आणि डिशवर कावळे बसतात.

म्हणून माझं पहिलं सांगणं: डिशचं कोटेशन मागवण्याआधी दोन माणसं नक्की करा. एक नको, दोनच हवीत, कारण एक आजारी पडतं, लग्नाला जातं, भांडून बसतं. आणि निवडताना विचार करा. गावातला सगळ्यात हुशार, कॉम्प्युटर शिकलेला पोरगा पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतो. त्याला शिकवलंत तर वर्षभरात तो तीच विद्या घेऊन पुण्याला नोकरीला लागेल. त्यात त्याचं चुकतं असं नाही, पण गावाला टिकणारं माणूस हवं. गावातला वायरमन, आपले सरकार केंद्र चालवणारी ताई, बचत गटातली दहावी-बारावी झालेली सून, ही माणसं गाव सोडून जाणार नाहीत. बिघाड शोधायला फार शिक्षण लागत नाही. बॅटरीचा व्होल्ट मोजणं, रेडिओवरचे दिवे वाचणं, केबलचं टोक बदलणं, आणि क्रमाने एकेक वस्तू बदलून पाहणं, हे काही दिवसांत शिकता येतं. बसवणाऱ्याशी करार करताना हे प्रशिक्षण त्यात लिहून घ्या. एक जादा रेडिओ, दोन जादा अडॅप्टर आणि थोडी केबल गावातच कुलपात ठेवा. शेजारी एक वही ठेवा: कधी बंद पडलं, कशाने, काय केलं. सहा महिन्यांत ती वहीच तुम्हाला सांगेल की दोष कुठे आहे.

या दोघांना मानधन द्या. फुकट काम गणपतीपासून शिमग्यापर्यंत चालतं, त्यापुढे चालत नाही.

मानधन आलं म्हणजे महिन्याचे पैसे आले. समजा वाडीतल्या ४० घरांनी महिना १५० रुपये दिले, तर ६,००० रुपये जमतात. त्यातून नेटचं बिल, दोघांचं मानधन आणि बॅटरीसाठी बाजूला टाकायची रक्कम निघते का, हे ग्रामसभेत फळ्यावर लिहून पाहा. बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागतेच, तेव्हा तो खर्च आला की दचकू नका, आजपासून साठवा. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात मांकोसी इथे लोकांनी 'झेंझेलेनी' नावाची सहकारी संस्था काढून स्वतःचं जाळं उभारलं. जाळ्यासाठी बसवलेल्या सौर यंत्रणेवर लोकांचे मोबाइल पैसे घेऊन चार्ज करून त्यांनी सुरुवातीची मिळकत केली. साखर कारखान्यापासून दूधसंघापर्यंत सहकार अंगवळणी पडलेल्या महाराष्ट्राला हे वेगळं शिकवायला नको.

पैसे कशासाठी द्यायचे, हेही स्पष्ट असू द्या. थेनीचं जाळं टिकलं त्यात डोळे तपासण्याचं ठरलेलं रोजचं काम हा मोठा भाग होता. नेट बंद पडलं की रुग्ण ताटकळत, त्यामुळे ते चालू करण्याची घाई सगळ्यांना असे. तुमच्या गावातही एक असं काम ठरवा: उपकेंद्रातून डॉक्टरांशी बोलणं, रेशनचं मशीन, शाळेची वर्गखोली, दूध डेअरीचा हिशेब. त्याचबरोबर मनोरंजनाला नाक मुरडू नका. क्रिकेटची मॅच आणि सिनेमा पाहण्यासाठी लोक आनंदाने पैसे देतात, आणि त्याच पैशावर शाळेचं नेट चालतं.

नियमांबाबत थोडक्यात. ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरायला २००५ पासून आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा बाहेर वापरायला २०१८ पासून आपल्या देशात परवाना लागत नाही. पण घरासाठी घेतलेलं कनेक्शन दहा घरांना विकणं हा वेगळा मामला आहे, त्यात अडचणीत याल. गावात रीतसर वायफाय विकायचं असेल तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना आहे. तिच्यात किराणा दुकानदारालाही परवान्याशिवाय, नोंदणीकृत कंपनीमार्फत, सेवा देता येते.

फायबरचाही विचार करा. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव पडलेल्या योजनेचा हेतू ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचा आहे. पण एका ग्रामपंचायतीत चार वाड्या आणि सहा पाडे असतात, आणि फायबर पोचली तरी ती कार्यालयाच्या भिंतीशी थांबते. तिथून पाड्यापर्यंतचं अंतर बिनतारी जोडणीने भरून काढता येतं. आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर यांच्या गटाने पालघर जिल्ह्यातल्या गावांत 'ग्राममार्ग' प्रकल्पातून हेच करून दाखवलं, आणि २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत त्याला पहिलं पारितोषिक मिळालं. तेव्हा आधी ग्रामपंचायतीत जाऊन फायबरची पेटी चालू आहे का, ते विचारा. चालू असेल तर ४० किलोमीटरवरच्या तालुक्याकडे डिश वळवायचं कारण नाही, दोन-तीन किलोमीटरच्या जोडणीत काम होईल. बंद असेल तर ती चालू करण्यासाठी लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. आणि वाडीत मोबाइलची रेंज चांगली असेल, घरोघरी काम भागत असेल, तर हे लचांड मुळीच मागे लावून घेऊ नका.

आता दोन शब्द मुंबई-पुण्यातल्या ग्रामस्थ मंडळांना आणि परदेशातल्या आपल्या मुलामुलींना. तुम्ही गावाला डिश देऊ करता ते प्रेमाने, याबद्दल शंका नाही. पण वस्तू देणाऱ्याचं नाव पाटीवर लागतं आणि बॅटरी देणाऱ्याचं लागत नाही, म्हणून सगळे वस्तूच देतात. तुमच्याकडे लाख रुपये असतील तर निम्मे उभारणीला द्या, आणि निम्मे पाच वर्षांच्या देखभालीसाठी बँकेत ग्रामस्थांच्या नावे ठेवा. गणपतीत तुम्ही सगळे एकदम गावी येता, प्रत्येकाच्या हातात दोन फोन असतात आणि नेट मंदावतं. त्या आठवड्यात गावाच्या माणसांवर ओरडू नका. जाळं चाळीस घरांच्या रोजच्या वापरासाठी आहे.

येत्या ग्रामसभेत नेटचा विषय निघाला तर हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात नोंदवून घ्या. देखभाल करणारी दोन माणसं कोण? जुलैत वीज कुठून येणार? डोंगरावरच्या जागेची लेखी परवानगी आहे का? महिन्याचे पैसे कोण गोळा करणार आणि हिशेब कुठे लागणार? पहिल्या दिवसापासून नेटवर कोणतं काम चालणार? पाचही उत्तरं मिळाली तर बेलाशक पुढे जा, तुमच्या गावचं नेट टिकेल. पहिल्या प्रश्नालाच सभा गप्प बसली तर या वर्षी डिश घेऊ नका. ते पैसे दोघांच्या प्रशिक्षणावर खर्च करा, आणि डिश पुढच्या वर्षी घ्या.